फासे, सूत्रधार आणि मनाची जखम

सदर : घर आणि मन



ठाणे जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र आमच्याकडे आले आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून त्यातील काही तपशील बदलून येथे देत आहोत. त्यांची मुलगी कॉलेजात शिकते. दर रविवारी ती मैत्रिणीच्या घरी जाते. चार-पाच मुलेमुली टेबलाभोवती बसतात, मध्ये रंगीबेरंगी, चित्रविचित्र आकाराचे फासे असतात आणि तीन-चार तास राक्षस, तलवारी, जादू अशी बोलणी चालतात. पैसे लावत नाही असे मुलगी सांगते. परंतु आईला फासे म्हटले की धडकी भरते, कारण त्यांच्या वडिलांनी पत्त्यांच्या पायी राहते घर घालवले. मुलगी असेही म्हणते की, अमेरिकेत या खेळाने मनाच्या आजारावर उपचार करतात. "हे खरे आहे, की मला गप्प करण्यासाठी सांगते?" असा भगिनीचा प्रश्न आहे.

पत्राच्या अगदी तळाशी, सही झाल्यावर, आणखी एक ओळ आहे. "दोन वर्षांपूर्वी तिच्या बाबतीत एक प्रकार घडला. त्यावर ती आमच्याशी काहीच बोलत नाही."

आमच्या मते खरे पत्र ही एवढीच ओळ आहे. वरचा सगळा मजकूर तिथपर्यंत पोहोचण्यासाठी लिहिला गेला. म्हणून आज याच विषयावर सविस्तर लिहावे असे ठरवले.

प्रथम जुगाराची शंका फेडू. तथागतांनी सिगालोवाद सुत्तात धनाच्या नाशाच्या सहा वाटा सांगितल्या, त्यांत जुगार आहे. तेव्हा भगिनीची काळजी अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु हा खेळ त्या जातीचा नाही. यात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही आणि पैसा लागत नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे याचे सर्वांत गाजलेले नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो १९७४ साली बाजारात आणला. गायगॅक्सची विमा कंपनीतील नोकरी गेली होती आणि घरी जोडे दुरुस्त करून तो संसार चालवीत होता. पहिल्या छपाईच्या हजार प्रती वर्षाच्या आत संपल्या.

खेळ असा चालतो. एक जण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो : रात्रीची वेळ, पाऊस, नदीवर जुना पूल, पुलावर मशाल घेतलेला माणूस उभा. बाकीच्या प्रत्येकाने आपापले एक पात्र अगोदरच रचलेले असते. त्याचे नाव, त्याचे काम, तो कशाला भितो, कशात हुशार आहे, सगळे कागदावर लिहिलेले. सूत्रधार विचारतो, "आता तू काय करतेस?" खेळणारी सांगते. काम अवघड असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. सूत्रधाराने ठरवलेला आकडा, समजा १५, गाठला तर जमले. नाही गाठला तर गोष्ट वेगळ्या वळणाने पुढे जाते. नाटकासारखेच, फक्त संहिता कोणाजवळ नसते आणि प्रेक्षकही नसतात.

या खेळाची धास्ती घेणाऱ्या आपल्या भगिनी पहिल्याच नव्हेत. अमेरिकेत १९८०च्या दशकात याच खेळावरून मोठे काहूर उठले होते. व्हर्जिनिया राज्यातील पॅट पुलिंग या बाईंच्या तरुण मुलाने १९८२ मध्ये आत्महत्या केली. तो हा खेळ खेळत असे. खेळातूनच सैतानाची बाधा झाली अशी त्यांची समजूत झाली आणि १९८३ साली त्यांनी खेळाविरुद्ध संघटना उभारली. चर्च, वर्तमानपत्रे, टीव्ही सगळे त्यांच्या मागे गेले. पुढे चौकशा झाल्या, आकडे तपासले गेले आणि आरोप टिकला नाही. त्या माऊलीला हसावे असे आम्हाला वाटत नाही. पोरगा गेला की आई कारण शोधते, आणि जे कारण हाती लागते ते घट्ट धरते. परंतु त्या गदारोळात एक प्रश्न मागे पडला : खेळाकडे वळण्याआधी त्या मुलाच्या मनात काय चालले होते?

आता मूळ विषयाकडे. मनाला आघात होतो म्हणजे काय होते? मारहाण, अत्याचार, अपघात, डोळ्यांदेखत झालेला मृत्यू, गावाने घातलेला बहिष्कार, वसतिगृहात चारचौघांत झालेला अपमान, असे काही घडते तेव्हा माणसाच्या हातातून सर्व काही निसटलेले असते. पळता येत नाही, ओरडता येत नाही, नाही म्हणता येत नाही. इतर आठवणी कालांतराने जुन्या होतात. ही आठवण जुनी होत नाही. दार आपटले तरी अंग दचकते, विशिष्ट वास आला तरी मळमळते, झोपेत तेच पुन्हा घडते. व्हिएतनामच्या युद्धाहून परतलेल्या सैनिकांची अशी अवस्था पाहून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली आपल्या अधिकृत यादीत या विकाराची नोंद केली.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे आत्मकथन लिहिले ते १९३५-३६च्या सुमारास. त्यातला मसूर स्टेशनपासूनचा बैलगाडीचा प्रवास १९०१ सालचा, म्हणजे ते दहाएक वर्षांचे असतानाचा. गाडीवानाने जात कळल्यावर दाखविलेला विटाळ, रात्रभर न मिळालेले पाणी, हे सारे पस्तीस वर्षांनंतरही बारीकसारीक तपशिलांसह त्यांच्या लेखणीतून उतरले. जगातील मोठमोठ्या विद्यापीठांच्या पदव्या मिळवलेल्या माणसाच्या मनातही ते लेकरू गाडीत तहानलेले बसून होतेच.

आणि आपल्याकडे घरोघरी या दुखण्यावर औषध कोणते? "विसर आता." आई म्हणते, आजी म्हणते, शेजारीण म्हणते. प्रेमानेच म्हणतात, यात शंका नाही. रोजच्या कामावर गेल्याशिवाय चूल न पेटणाऱ्या घरात रडत बसायला सवड कोणाला? आपल्या आधीच्या पिढ्या असेच दात-ओठ चावून जगल्या. तरीही आम्ही ठामपणे सांगतो की, या दोन शब्दांनी मुलांचे तोंड बंद होते आणि जखम आत सडत राहते. पटाचारेची कथा आठवा. नवरा सर्पदंशाने गेला, एक मूल ससाण्याने उचलले, दुसरे नदीत वाहून गेले, आईबाप आणि भाऊ घर कोसळून मेले. लोकांनी तिला वेडी म्हणून हाकलले. तथागतांनी तिला जवळ येऊ दिले, भानावर ये म्हटले आणि तिचे सगळे ऐकून घेतले. "विसर" असे ते म्हणाले नाहीत.

मात्र ऐकणारा समोर बसला तरी बोलता येतेच असे नाही. "सांग, काय झाले ते" म्हटले की अनेकांची जीभ टाळूला चिकटते. येथेच या खेळाचा उपयोग काही मानसोपचारतज्ज्ञांना दिसला. वेन ब्लॅकमन यांनी १९९४ साली एका अमेरिकन मानसोपचार नियतकालिकात एका तरुणाची हकिगत प्रसिद्ध केली. हा तरुण माणसांपासून तुटलेला, भावना व्यक्त न करणारा. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर उपचाराला आला. तो मित्रांबरोबर हा खेळ खेळत असे. डॉक्टरांनी खेळ बंद करायला लावला नाही. उलट त्याच्या पात्राचे खेळात काय झाले, त्याला राग का आला, भीती कोठे वाटली, हे विचारू लागले. स्वतःविषयी ज्याला बोलता येत नव्हते त्याला पात्राविषयी बोलता आले, आणि त्या वाटेने हळूहळू स्वतःविषयीही.

ही कल्पना त्याहूनही जुनी आहे. व्हिएन्नात जेकब मोरेनो या ज्यू डॉक्टराने १९२१ साली रंगमंचावर उपचाराचा पहिला प्रयोग केला. त्याला 'सायकोड्रामा' म्हणतात. आपल्या आयुष्यातील प्रसंग रोग्याने स्वतः करून दाखवायचा, कधी आपली भूमिका, कधी समोरच्याची. मोरेनो पुढे अमेरिकेत गेले आणि १९७४ मध्ये वारले. नेमक्या त्याच वर्षी हा फाशांचा खेळ निघाला. योगायोग म्हणून नमूद केले, जास्त अर्थ काढू नये.

आज अमेरिकेत हे काम संस्था काढून चालते. सिएटल शहरात 'गेम टू ग्रो' ही संस्था आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका संस्थेचे नाव तर 'द बोधना ग्रुप'. बोधन हा शब्द त्यांनी आपल्या भाषांतून उचलला हे वाचून आपल्या वाचकांना बरे वाटेल. मेगन कॉनेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०२३ मध्ये उपचार करणाऱ्यांसाठी या पद्धतीचे पुस्तकच लिहिले.

उपचाराच्या गटात साधारणपणे चार ते सहा जण असतात आणि सूत्रधार हा स्वतः शिकलेला उपचारक असतो. आघाताचा प्रसंग कोणीही जसाच्या तसा गोष्टीत आणत नाही. समजा, एका मुलीला तेव्हा "नाही" म्हणता आले नव्हते. तिचे पात्र पुलावरची पहारेकरी आहे. सूत्रधार राजाच्या शिपायाला पुलावर आणतो. तो दरडावतो, बाजूला हो. तिने ठरवायचे. ती म्हणते, "थांब." फासा पडतो ४. शिपाई तिला ढकलतो. पण टेबलावरचे दुसरे पात्र धावत येते, तिसरे मशाल विझवते, आणि पुढच्या खेपेला फासा १७ पडतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटेल. त्या मुलीच्या तोंडून मात्र "थांब" हा शब्द मोठ्याने निघाला, आणि निघाला तेव्हा चार माणसे तिच्या बाजूने उभी राहिली. फासा कमी पडला तेव्हा "तू तिथे गेलीसच कशाला?" असे कोणी विचारले नाही. फाशाला दोष लागला, तिला नाही.

आणखी एक छोटी गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. जॉन स्टॅव्ह्रोपोलस या खेळाडूने सुचवलेले एक कार्ड टेबलाच्या मध्यभागी ठेवतात. त्यावर फुली असते. गोष्टीतले काही सहन होईनासे झाले तर कोणीही त्या कार्डाला बोट लावायचे. तो भाग तेथेच थांबतो किंवा बदलतो. कारण विचारायचे नाही, हा नियम आहे. ज्या माणसाला कोणीही कधी थांबू दिले नव्हते त्याच्या हाती, कारण न देता थांबवण्याचा हा हक्क येतो. सत्र संपल्यावर सगळे आपले पात्र बाजूला ठेवून, स्वतःच्या नावाने थोडे बोलतात. पात्राच्या मनातला राग-दुःख खेळणाऱ्याच्या मनात पाझरते, हे जाणकारांना ठाऊक असते. ते तसेच घेऊन कोणी घरी जाऊ नये म्हणून ही शेवटची दहा-पंधरा मिनिटे.

येथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की खेळ मोठा समतावादी दिसतो. तेथे पात्राला आडनाव विचारत नाहीत, ही गोष्ट खरी. पण आम्ही आंबेडकरवादी आहोत. नियमांचे पुस्तक उघडून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही. आणि तेथे काय दिसले? पात्र रचताना त्याचा वंश निवडायचा : मानव, एल्फ, ठेंगू, ऑर्क. अनेक वर्षे ऑर्क म्हणजे जन्मानेच दुष्ट. २००० सालच्या आवृत्तीत मानव आणि ऑर्क यांच्या संकरातून जन्मलेल्या पात्राला ताकदीचे दोन गुण जास्त, पण बुद्धीचे दोन कमी आणि व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाचेही दोन कमी! जन्म झाला आणि बुद्धी कापली. हा हिशेब आपल्याला नवा नाही. तिकडे तो गंमत म्हणून छापला गेला, इकडे धर्म म्हणून हजारो वर्षे राबवला गेला, एवढाच फरक.

खेळणाऱ्यांतूनच, विशेषतः कृष्णवर्णीय खेळाडूंकडून, यावर टीका होत राहिली. २०२० साली प्रकाशक कंपनीला हे बदलू असे जाहीर करावे लागले. २०२४च्या नव्या नियमांत वंश हा शब्दच काढला आणि गुणांची वाढ जन्मावर न ठेवता पात्राने आधी कोणते काम केले, कसे आयुष्य काढले यावर ठेवली. हे लिहिताना आम्हाला समाधान वाटते, आणि थोडी गंमतही. राक्षसांच्या खेळाला पन्नास वर्षांत जे उमगले ते आपल्या देशातील भल्याभल्यांना अजून उमगत नाही.

उपचाराशी याचा थेट संबंध आहे. ज्या मुलाला शाळेत "तुमच्यात असेच असतात" असे ऐकावे लागले, तो मुलगा टेबलावर बसला आणि सूत्रधार म्हणाला, "तो ऑर्क आहे, म्हणजे दुष्टच, मारून टाका," तर त्या मुलाची जखम भरेल की उघडी पडेल? खेळ तोच, फासे तेच. सूत्रधार कोण आणि त्याची समज किती, यावर सारे अवलंबून आहे.

उपचारकाशिवायही हा खेळ माणसाला कोठवर तारतो याचे एक उदाहरण टेक्सास राज्यातील तुरुंगाचे आहे. लिव्हिंग्स्टन गावच्या पोलन्स्की तुरुंगात फाशीचे कैदी वर्षानुवर्षे एकेकट्या कोठडीत ठेवले जात. केरी ब्लेकिंजर या पत्रकार बाईंनी, ज्यांनी स्वतः तुरुंगवास भोगला आहे, २०२३ साली त्यांच्याविषयी लिहिले. या कैद्यांना फासे बाळगायला बंदी. म्हणून त्यांनी आकड्यांची भिंगरी घरगुती पद्धतीने बनवली, हाताने नकाशे काढले, आणि दाराच्या फटींतून ओरडून, दोऱ्याला चिठ्ठ्या बांधून एका कोठडीतून दुसऱ्या कोठडीत हा खेळ चालवला. त्यांतील बिली वॉर्डलो याने अठराव्या वर्षी खून केला होता. त्याचे पात्र होते एका संशोधकाचे, नवी यंत्रे बनवणाऱ्याचे. ८ जुलै २०२० रोजी त्याला देहदंड दिला गेला. ज्याचा खून झाला त्याच्या घरचे दुःख या कहाणीत विसरता कामा नये. पण माणसाचा चेहराही दिसत नसलेल्या जागी ही माणसे आठवड्यामागून आठवडे एकमेकांना "आता तू काय करतोस?" असे विचारत राहिली आणि वेडी झाली नाहीत, याची नोंद घ्यावी लागेल.

आता पुराव्याचे बोलू. कालाम सुत्ताच्या अनुयायांनी ऐकीव गोष्टीवर थांबू नये. ऑस्ट्रेलियातील जेम्स कुक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २५ जणांना आठ आठवडे हा खेळ खेळायला दिला. त्यांचे नैराश्य, ताण व चिंता कमी झाल्याचे आणि आत्मविश्वास वाढल्याचे आढळले. चांगली सुरुवात आहे. परंतु २५ हा आकडा लहान, आणि ती सर्वसाधारण माणसे होती, आघातग्रस्त रुग्ण नव्हेत. आघातावरच्या उपचारांबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली ज्यांची शिफारस केली ते दोन वेगळेच आहेत : आघातावर लक्ष ठेवून केलेली विचार-वर्तन उपचारपद्धती, आणि डोळ्यांच्या हालचालींच्या साह्याने केला जाणारा 'ईएमडीआर' हा उपचार. हा खेळ त्यांच्या जोडीला चालेल, त्यांच्या जागी नाही. आणि कॉलेजच्या मैत्रिणींबरोबरचा रविवारचा खेळ म्हणजे उपचार नव्हे. तो विरंगुळा आहे, सोबत आहे. सोबतीचीही गरज असतेच.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या भगिनीस आमचे सांगणे. मुलगी खोटे बोलत नाही. खेळ बंद करू नका. चार माणसांत बसून ती तीन तास बोलते, हसते, ही आजच्या घडीला तुमच्या घरातली चांगली बातमी आहे. "तेव्हा काय झाले होते?" असे एकदम विचारू नका. तिच्या पात्राचे नाव विचारा. ते काय काम करते, कशाला भिते, या रविवारी त्याचे काय झाले, हे भाकरी थापता थापता विचारा. तिने सांगितले तर ऐका, अर्थ लावू नका, आणि "म्हणजे हे तुझेच ना?" असे तर अजिबात म्हणू नका. नाही सांगितले तरी राग धरू नका.

मात्र झोप उडाली असेल, जेवण तुटले असेल, अभ्यास सुटला असेल, अंगावर स्वतःच केलेल्या जखमा दिसत असतील किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येत असेल, तर खेळावर विसंबू नका. सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. रात्रंदिवस चालते, फुकट आहे, मराठीत बोलता येते. आईलाही तेथे फोन करता येतो. मुलीच्या वतीने नव्हे, स्वतःच्या काळजीसाठी. दोन वर्षे तुम्हीही हे एकट्याने वाहत आहात.

पत्रात शेवटी विचारले आहे की, मी तिच्याबरोबर त्या खेळाला बसू का? मैत्रिणींच्या खेळाला तिने बोलावले तर जरूर बसा, आणि पात्र हवे तसे रचा. ते आईचेच असले पाहिजे असे नाही. पुढे कधी ती उपचाराच्या गटात गेली तर मात्र तेथे बसण्याचा आग्रह धरू नका. आईबापांनी बाहेर थांबायचे असते. आत काय बोलणे झाले हे उपचारक सांगणार नाही. जिवाला धोका दिसला तरच सांगेल. येताना तिच्यासाठी डबा घेऊन जा आणि बाकावर बसून राहा.